फाइलचं नाव वेव्ह, आत भलतंच: बोलण्याच्या रेकॉर्डिंगचं रूपांतर करताना

"काकू, यातलं अर्धं वाजतच नाही. आणि जे वाजतं त्यात आजी पोपटासारखी बोलते."

एवढं बोलून तिनं पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला. मुलगी ओळखीतली. घर ऐरोलीच्या दिवा गावात, शिक्षण मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, भाषाविज्ञानात एमए. तिची आजी धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी, जिच्यावाचून विधी पुढे सरकत नाही ती. आजी आता नाही. तिचा आवाज मात्र घरभर विखुरलाय. काका वकील, साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे जमीन गेलेल्यांना मिळणाऱ्या भूखंडांची प्रकरणं चालवायचे, त्यांच्या खिशात कायम डिक्टेशन रेकॉर्डर. लग्नघरी तोच आजीसमोर ठेवून द्यायचे. नंतर कुणी नोकियावर रेकॉर्ड केलं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मुलीला त्यातून आगरीचे उच्चार अभ्यासायचे आहेत, म्हणून सगळं एका साच्यात, म्हणजे फॉरमॅटमध्ये, हवंय.

मी वाशीत बरीच वर्षं रात्रपाळीत मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन केलं. अमेरिकेतले डॉक्टर बोलायचे, आम्ही कानाला हेडफोन लावून, पायानं पेडल दाबत उतरवून घ्यायचो. त्या काळात आवाजाच्या जितक्या विचित्र फाइली पाहिल्या तितक्या गाण्याच्या दुनियेत दिसत नाहीत. गाण्यासाठी एमपी३ आलं आणि बहुतेकांचं भागलं. बोलण्यासाठी मात्र टेलिफोनवाल्यांनी, मोबाइलवाल्यांनी, डिक्टेशन यंत्रं बनवणाऱ्यांनी आणि संशोधकांनी आपापले साचे काढले. त्या पेनड्राइव्हवर जे जे निघालं त्याच्या निमित्तानं सगळी रीत इथे लिहितेय.

एक सूचना आधीच. लेख देवनागरीत असल्यामुळे संगणकाला द्यायच्या आज्ञाही उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवर सांगतो तशा. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच घालायचे. '-आय' म्हणजे डॅश आणि त्याला चिकटून आय हे अक्षर. फाइलच्या नावातलं 'वेव्ह' म्हणजे डब्ल्यू, ए, व्ही ही तीनच अक्षरं. आज्ञेतली अक्षरं लहान लिपीतली.

आधी प्रत, मग बाकीचं

पेनड्राइव्ह लावल्या लावल्या फाइलवर डबल-क्लिक करायचा मोह आवरा. 'मूळ' नावाचा फोल्डर करा, सगळं त्यात उतरवा, सगळ्या फाइली निवडून प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'वर टिक करा. मग 'काम' नावाचा दुसरा फोल्डर, त्यात दुसरी प्रत. यापुढचा सगळा उद्योग फक्त 'काम'मध्ये.

हे मी एवढं बजावते कारण हात पोळलेत. ठाणे स्टेशनाजवळच्या एका दुकानात मी वडिलांच्या आवाजाच्या कॅसेट दिल्या होत्या. त्यानं जागा वाचवायला सगळं अगदी कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये करून दिलं आणि कॅसेट 'खराब होत्या' म्हणून टाकून दिल्या. वडील आता पाण्याखालून बोलल्यासारखे ऐकू येतात. मूळ हातात असतं तर आज चार वेळा नव्यानं करता आलं असतं.

प्रतीबरोबर एक वही करा. साधी एक्सेल शीट चालेल: फाइलचं मूळ नाव, कुणाकडून मिळाली, केव्हाची, कुणाचा आवाज, आत काय निघालं, त्याचं काय केलं. डिक्टेशन रेकॉर्डरच्या फाइलीत रेकॉर्डिंगची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचा संकेत फाइलच्या डोक्यातच, म्हणजे आवाजाआधीच्या मजकुरात, लिहिलेला असतो. वेव्ह केल्यावर ही माहिती बहुधा गळून पडते. कुठल्या लग्नातला धवला हे नंतर सांगणारं माणूस राहत नाही, म्हणून ते आधी उतरवून घ्यायचं.

रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं असेल तर आणखी काळजी घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य भरावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा; एक बाइट बदलली की ठसा वेगळा. रूपांतर केलेल्या फाइलचा ठसा मूळ फाइलशी कधीच जुळणार नाही, तेव्हा मूळ जपणं इथे ऐच्छिक राहत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ठसा असा निघतो:

सर्टयुटिल -हॅशफाइल धवला१.डीएसएस एसएचए२५६

हत्यारं

तीन पुरतात आणि तिन्ही फुकट आहेत. पहिलं एफएफएमपेग. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहाव्या लागतात, म्हणून लोक घाबरतात. २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसानं ते सुरू केलं. विंडोज १० किंवा ११ वर 'विंगेट इन्स्टॉल एफएफएमपेग' लिहून एंटर मारा, खिडकी बंद करून पुन्हा उघडा. दुसरं ऑडॅसिटी, तेही २००० पासूनचं. त्यात आवाजाची लहर डोळ्यांनी दिसते. तिसरं मीडियाइन्फो: फाइल त्यावर ओढून टाकली की आत काय आहे ते वाचून दाखवतं.

ऑनलाइन रूपांतर करून देणाऱ्या साइटवर फाइल चढवू नका. डॉक्टरांच्या डिक्टेशनसाठी आम्हाला अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याची तंबी असायची, रुग्णाचं नाव ओठावर आणायचं नाही. घरच्या माणसाच्या आवाजाला कायद्याची तंबी नसेल, पण लग्नघरात मागे बायका काय काय बोलत असतात ते एकदा हेडफोन लावून ऐका, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

फाइल ओळखायची कशी

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. रूपांतर स्वतः दोन सेकंदांचं काम आहे. माझ्याकडे 'होत नाहीये' म्हणून येणारी बहुतेक प्रकरणं फाइल ओळखण्यात चूक झाल्याची असतात.

टिंबानंतरची तीन-चार अक्षरं, म्हणजे एक्स्टेन्शन, ही नुसती पाटी. दाराला पाटी कुलकर्ण्यांची आणि आत भाडेकरू राहतात, असा प्रकार सर्रास. त्यातून वेव्ह हा तर डबाच आहे. डब्यात साधा अखंड आवाज असेल, टेलिफोनचा म्यू-लॉ असेल, जीएसएम असेल. बाहेरून सगळे सारखेच दिसतात.

आत कोण आहे ते विचारायची आज्ञा (एफएफप्रोब हे एफएफएमपेगसोबतच येतं):

एफएफप्रोब आजी.वेव्ह

शेवटच्या ओळींत 'ऑडिओ' हा शब्द शोधा. त्यापुढे कोडेकचं, म्हणजे आवाज साठवायच्या पद्धतीचं नाव, मग हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत ते, मग मोनो की स्टीरिओ. 'एएमआर_एनबी, ८००० हर्ट्झ, मोनो' म्हणजे जुन्या मोबाइलचं रेकॉर्डिंग. 'पीसीएम_म्यूलॉ' म्हणजे टेलिफोन लाइनवरचं. 'पीसीएम_एस१६एलई' म्हणजे साधा, न दाबलेला आवाज. इथे काहीच करायला नको.

एफएफप्रोबही गडबडलं तर फाइलची आणखी एक प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडा. बहुतेक कचरा दिसेल, पण पहिली काही अक्षरं बोलतात. आरआयएफएफ असेल तर खरंच वेव्ह. हॅशचं (फोनवरच्या चौकटीचं) चिन्ह, उद्गारचिन्ह आणि एएमआर असेल तर एएमआर. ओजीजीएस म्हणजे ऑग, ज्यात व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज असतात. पाचव्या अक्षरापासून एफटीवायपी दिसलं तर एम४ए किंवा ३जीपी. एनआयएसटी_१ए दिसलं तर संशोधकांची स्फिअर फाइल, तिच्याबद्दल पुढे. सुरुवातीलाच डीएसएस किंवा डीएस२ दिसलं तर डिक्टेशन रेकॉर्डर. बघून झालं की नोटपॅड सेव्ह न करता बंद करा. सेव्ह केलंत तर त्या प्रतीचं खोबरं झालं म्हणून समजा.

मोबाइलचं एएमआर

पेनड्राइव्हवर सर्वांत जास्त याच फाइली होत्या. १९९९ मध्ये मोबाइल फोनसाठी स्वीकारलेला हा साचा. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी माणसाचा गळा-तोंड कसं हललं असेल याचं गणित साठवतो. म्हणूनच इतका लहान: सर्वांत वरच्या १२.२ किलोबिटच्या दर्जालाही सेकंदाला १६०० बाइट, तासाला साधारण पावणेसहा एमबी. आणि म्हणूनच माणसाच्या आवाजाखेरीज दुसरं काही आलं की त्याची त्रेधा उडते. आजी गात असताना बाहेर हळदीचा बँड वाजत होता. तो डब्यात खडे हलवल्यासारखा वाजतो. हे रूपांतर करून सुधारत नाही. रेकॉर्ड होतानाच मोडलंय.

आज्ञा अशी:

एफएफएमपेग -आय आजी.एएमआर -सी:ए पीसीएम_एस१६एलई आजी.वेव्ह

'-आय' नंतर येणारी फाइल आतली, शेवटची बाहेरची. मधलं '-सी:ए' सांगतं की आवाज कुठल्या रूपात लिहायचा. पीसीएम_एस१६एलई म्हणजे १६ बिटांचा साधा पीसीएम. नावात मोकळी जागा किंवा मराठी अक्षरं असतील तर नाव दुहेरी अवतरणात घाला. जुनी हत्यारं मराठी नावांना अडखळतात, म्हणून मी काम करताना नावं रोमनच ठेवते आणि मराठी नाव वहीत लिहिते.

मुलीनं फाइलचा आकार बघितला, दहापट झालेला. "क्वालिटी वाढली ना काकू?" नाही वाढली. घागर मोठी घेतली, पाणी तेवढंच. ८००० हर्ट्झचं रेकॉर्डिंग म्हणजे त्यात निम्म्याच्या, म्हणजे ४००० हर्ट्झ कंपनांच्या वरचं काहीही नाही, आणि टेलिफोनच्या पट्ट्यात तर ३०० ते ३४०० एवढंच. बोलणं कळायला ते पुरतं. पण 'स'ची सळसळ बरीचशी ४००० च्या वर असते. फोनवर नाव सांगताना 'शहाणेतला श' म्हणून फोड करावी लागते ती यामुळेच. उच्चार अभ्यासणाऱ्या मुलीसाठी ही कळीची गोष्ट आहे. चहातला च आणि चाकातला च यांत आजी फरक करते की नाही, हे एएमआरवरून ठरवायला जाऊ नकोस, असं मी तिला सांगितलं. त्यासाठी काकांच्या रेकॉर्डरच्या किंवा नंतरच्या चांगल्या फोनच्या फाइली घे.

एएमआर-डब्ल्यूबी नावाचा थोरला भाऊही आहे, १६००० हर्ट्झवाला. त्यात ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. आज्ञा तीच.

व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज

इथे फारसं सांगण्यासारखं नाही. अँड्रॉइड फोनवर ते 'पीटीटी'नं सुरू होणाऱ्या नावाचे, ओपस साच्यातले असतात आणि वरची आज्ञाच चालते. एफएफप्रोब त्यांना ४८००० हर्ट्झ म्हणतं; त्यावर भुलू नका. ओपस उलगडताना ४८००० दाखवायची पद्धतच आहे, मूळ आवाज तेवढा रुंद असेलच असं नाही. एवढं मात्र करा: कुणाकडून रेकॉर्डिंग मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते.

डिक्टेशन रेकॉर्डर: डीएसएस आणि डीएस२

काकांचा खजिना इथे. ऑलिंपस, फिलिप्स आणि ग्रुंडिग यांनी मिळून डीएसएस हा साचा आणला. वकील, डॉक्टर, न्यायाधीश यांनी बोलायचं आणि टायपिस्टनं उतरवायचं, यासाठी. फाइल लहान, मध्येच बोट ठेवून वाक्य घुसवायची सोय, 'तातडीचं' अशी खूण करायची सोय. आमच्या रात्रपाळीची भाकरीच यावर होती.

डीएसएसचे दोन दर्जे असतात. एसपी, ज्याला एफएफएमपेग ११०२५ हर्ट्झ म्हणून उघडतं, आणि एलपी, जो ८००० चा. काकांनी सुदैवानं बहुतेक सगळं एसपीवर घेतलं होतं. पुन्हा तीच आज्ञा, फक्त नाव बदलून. पण त्याआधी एफएफप्रोब चालवून तारीख आणि बोलणाऱ्याचा संकेत वहीत उतरवून घ्या. आमच्या एका फाइलवर तारीख चुकीची निघाली, कारण सेल बदलल्यावर काकांनी घड्याळ लावलंच नव्हतं. मुलीच्या आईनं नवरीचं नाव ऐकून लग्नाचं साल सांगितलं. तेही वहीत गेलं, 'आईनं सांगितलेलं' अशा शेऱ्यासह.

डीएस२ हा पुढचा, प्रो म्हणवणारा प्रकार. माझ्याकडच्या डीएस२ फाइली एफएफएमपेगनं कधी उघडल्या नाहीत, तेव्हा त्याच्याशी झटापट करू नका. ऑलिंपसचं किंवा फिलिप्सचं डिक्टेशन सॉफ्टवेअर मिळवा. त्यात फाइल उघडून वेव्ह म्हणून बाहेर काढता येते. डीएस२ला पासवर्डचं कुलूपही लावता येतं. ते लावलेलं असेल आणि पासवर्ड नसेल तर काही उपाय नाही. 'कुलूप तोडून देतो' म्हणणाऱ्या साइट बघू नका, संगणकात व्हायरस घालून घ्याल.

पोपट झालेली आजी

आता त्या पोपटाचं. 'धवला_जुना.वेव्ह' नावाची फाइल. कुणीतरी आधी कधीतरी रूपांतराचा प्रयत्न केला होता. आवाज बारीक, गाणं दुप्पट वेगात, ऐकून हसू यावं असं. हे कारण सगळ्यांत सोपं: आवाज सेकंदाला ८००० नमुन्यांचा, पण फाइलच्या डोक्यात १६००० लिहिलंय. यंत्र दुप्पट वेगानं नमुने सोडतं. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक केलं की यादीत 'रेट' येतो, तिथे ८००० निवडलं आणि आजी परत आली. उलट प्रकार झाला, म्हणजे आवाज जड आणि रेंगाळत आला, तर आकडा वाढवायचा.

तसंच बाकीच्या लक्षणांचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता धबधबा, शांत जागीही धबधबा: बाइटांचा क्रम उलटा वाचला जातोय किंवा साचाच चुकलाय. बोलणं कळतंय पण फाटकं, कर्कश: म्यू-लॉ आणि ए-लॉ यांची अदलाबदल. हे दोघे टेलिफोनचे जुळे भाऊ. म्यू-लॉ अमेरिका आणि जपानमध्ये, ए-लॉ युरोपात आणि आपल्याकडे. दोघेही सेकंदाला ८००० बाइट घेतात. सुरुवातीला एकच 'टक' आणि मग ठीक: फाइलच्या डोक्याचा मजकूर आवाज समजून वाजवलाय.

डोकं नसलेली फाइल

एका फाइलला ना एक्स्टेन्शन ना डोकं. एफएफप्रोबनं हात वर केले. नोटपॅडमध्ये पहिल्या अक्षरापासून कचरा. अशी फाइल ओळखायची युक्ती मला आमच्या टीम लीडरनं शिकवली. आमच्याकडे डॉक्टर टेलिफोनवरून डिक्टेट करायचे आणि तिकडच्या यंत्रातून बिनडोक्याच्या फाइली यायच्या. युक्ती भागाकाराची आहे.

आकार बघितला: ९,६०,००० बाइट. मुलीला विचारलं, हे रेकॉर्डिंग साधारण किती वेळाचं? तिच्या आईला आठवत होतं, हा काकांच्या ऑफिसातल्या फोनवर टिपलेला निरोप, चारेक मिनिटांचा. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. ९,६०,००० भागिले २४०, सेकंदाला ४००० बाइट. आता हिशेब मांडा. १६ बिटांचा साधा आवाज ८००० हर्ट्झला सेकंदाला १६,००० घेतो. म्यू-लॉ किंवा ए-लॉ ८०००. जीएसएमचा जुना साचा १६५०. आणि ४ बिटांचा व्हॉक्स बरोबर ४०००. म्हणजे व्हॉक्स, जो टेलिफोनवरून निरोप घेणाऱ्या जुन्या यंत्रांत असायचा.

ऑडॅसिटीत फाइल मेन्यूमधून इम्पोर्ट, त्यात रॉ डेटा. खिडकी उघडते. एन्कोडिंगला 'व्हॉक्स एडीपीसीएम', चॅनल एक, स्टार्ट ऑफसेट शून्य, सॅम्पल रेट ८०००. इम्पोर्ट दाबलं, आणि खरखरीतून आजी: "कोण बोलतंय? अरे, ऐकू येतंय का?" चार मिनिटांतली पहिली दोन वाक्यं एवढीच, बाकी बराच वेळ ती फोन धरून नुसती बसलेली. मुलगी हेडफोन काढायला तयार नव्हती. तेवढा वेळ मी चहा टाकला.

आवाज थोडा जड वाटला असता तर सॅम्पल रेट वाढवून बघितला असता. बारीक वाटला असता तर ६०००, कारण व्हॉक्स त्या दरानंही असतो.

संशोधकांची स्फिअर फाइल

ही आजीची नव्हे, कॉलेजातल्या अभ्यासाची. मुलीला तुलनेसाठी टिमिट या इंग्रजी संग्रहातल्या काही फाइली दिल्या होत्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये रेकॉर्ड केलेला आणि एमआयटीत लिहून काढलेला म्हणून टिमिट. ६३० माणसं, प्रत्येकी १० वाक्यं. लिंग्विस्टिक डेटा कन्सॉर्शियमनं १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. या फाइलींना एक्स्टेन्शन वेव्हचं आहे पण आत वेव्ह नाही, स्फिअर आहे. कितीतरी विद्यार्थ्यांचा पहिला आठवडा यातच जातो.

स्फिअर फाइल मला मनापासून आवडते. तिचं १०२४ बाइटांचं डोकं साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत असतं. नोटपॅडमध्ये उघडलं की पहिल्या ओळीत एनआयएसटी_१ए, दुसरीत १०२४, मग सॅम्पल रेट, चॅनल किती, बाइटांचा क्रम कुठला, सगळं एकाखाली एक. एफएफएमपेग पाटी न बघता आत बघतं, त्यामुळे त्याची नेहमीची आज्ञा चालते. सॉक्स नावाचं आवाजाचं दुसरं हत्यार वापरत असाल तर तो पाटीवर विश्वास ठेवतो आणि 'आरआयएफएफ सापडत नाही' म्हणून रुसतो. त्याला नावाआधी '-टी एसपीएच' असं सांगावं लागतं.

काही स्फिअर फाइली 'शॉर्टन' पद्धतीनं आवळलेल्या असतात. डोक्यात सॅम्पल कोडिंगच्या ओळीत शॉर्टन हा शब्द दिसला की समजा. त्यासाठी त्याच कन्सॉर्शियमचं छोटं हत्यार आहे:

एसपीएच२पाइप -पी -एफ वेव्ह आत.एसपीएच बाहेर.वेव्ह

टेलिफोन संभाषणाच्या फाइलीत दोन माणसं दोन चॅनलवर असतात. '-सी १' किंवा '-सी २' घालून एकेक वेगळं काढता येतं.

यावरून एक सांगते. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन बाजू दोन चॅनलवर आल्या असतील तर त्यांचा मोनो करू नका. करायचं झालं तर अगदी शेवटी. दोघं एकदम बोलले की मोनोमध्ये काला होतो आणि तो पुन्हा निवडता येत नाही. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या यादीतून 'स्प्लिट स्टीरिओ टू मोनो' निवडा, दोन्ही वेगळे साठवा. आणि स्टीरिओ फाइल मोनो केल्यावर आवाज जवळजवळ गायब झाला तर घाबरू नका: दोन चॅनल एकमेकांच्या उलटे आहेत, मिसळताना एकमेकांना खाताहेत. एकच चॅनल ठेवा.

दोन वेव्ह: एक जपायला, एक वापरायला

बोलणं ओळखून लिहिणाऱ्या बहुतेक यंत्रणांना १६००० हर्ट्झ, मोनो, १६ बिट हवं असतं. ओपनएआयनं २०२२ मध्ये काढलेलं व्हिस्परही आत सगळं १६००० करूनच घेतं. म्हणून लोक पहिल्याच फटक्यात सगळं १६००० करून टाकतात. मी करत नाही. पहिली वेव्ह मूळ दरातच ठेवते, ८००० ची ८०००, ११०२५ ची ११०२५. यंत्रासाठी त्यातून वेगळी प्रत काढते:

एफएफएमपेग -आय आजी.वेव्ह -एसी १ -एआर १६००० आजी_१६.वेव्ह

'-एसी' म्हणजे चॅनल किती, '-एआर' म्हणजे दर. खरखर काढणं, आवाज चढवणं, हे सगळं याच दुसऱ्या प्रतीवर. उच्चारांच्या अभ्यासासाठी तेही नको, कारण खरखर काढणारं हत्यार 'स' आणि 'फ' यांनाच खरखर समजून खातं. प्रात या उच्चार तपासायच्या सॉफ्टवेअरला कुठलाही दर चालतो, त्याला पहिलीच वेव्ह द्या.

१६००० ची मोनो वेव्ह तासाला ११५ एमबी घेते. जागा कमी पडत असेल तर फ्लॅक करा. त्यात काहीही हरवत नाही आणि आकार बराच कमी होतो. नातेवाइकांना ऐकायला पाठवायचं असेल तर ६४ किलोबिटचं मोनो एमपी३ पुरतं, पण ते वेव्हवरून करा, कुठल्या तरी आधीच्या एमपी३वरून नको. दर वेळी आवळताना थोडं गळतं, झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखं.

एकाच प्रकारच्या खूप फाइली असतील तर त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून:

फॉर %एफ इन (*.एएमआर) डू एफएफएमपेग -आय "%एफ" -सी:ए पीसीएम_एस१६एलई "%~एनएफ.वेव्ह"

ही आज्ञा बॅच फाइलमध्ये लिहून ठेवायची असेल तर टक्क्याचं चिन्ह प्रत्येक ठिकाणी दोनदा द्यावं लागतं. आणि आधी दोन फाइलींवर करून बघा. चाळीस फाइली चुकीच्या करून मग 'काम' फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात, हे मी स्वतः केलंय.

झाल्यावर तपासणी. मूळ आणि नव्या फाइलची लांबी एफएफप्रोबमध्ये ताडून बघा. सेकंदाच्या अंशाचा फरक चालेल, मिनिटाचा नाही. मग प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दहा-दहा सेकंद ऐका. आकार ठीक, लांबी ठीक आणि आत संपूर्ण शांतता, असंही एकदा निघालं होतं.

मुलीच्या पेनड्राइव्हवरच्या ४१ पैकी ४० फाइली वाजल्या. उरली ती काकांची एक डीएस२, पासवर्डवाली. काकांच्या पत्नीनं त्यांच्या जुन्या डायऱ्या माळ्यावरून काढल्या आहेत, मुलगी रविवारी एकेक आकडा घालून बघतेय. तोवर वहीत त्या फाइलसमोर 'बंद' असं लिहून ठेवलंय, आणि तिची एक प्रत माझ्याकडेही.